महासत्तांच्या बदलत्या युती, युद्धाची धास्ती आणि मराठवाडा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर, परभणी, अंबाजोगाई, जालना इथल्या महाविद्यालयांत आणि वाचनालयांत आंतरराष्ट्रीय राजकारणावर बोलायला गेलं की भाषण संपल्यावर जे प्रश्न हमखास येतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्न लोकांचे, उत्तरांतली मतं माझी. घडामोडी २०२५ अखेरपर्यंतच्या धरल्या आहेत.

अमेरिका आपली दोस्त की दुश्मन? एकदाचं सांगून टाका.

डिसेंबर १९७१ मध्ये अमेरिकेने ‘एंटरप्राइज’ ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे धाडली. २००८ मध्ये त्याच अमेरिकेने भारताशी नागरी अणुकरार केला. ऑगस्ट २०२५ मध्ये तिनेच भारतीय मालावर आधी २५ टक्के आणि मग रशियन तेलाचं कारण देऊन आणखी २५ टक्के आयातशुल्क लावलं. तिन्ही वेळा ती स्वतःच्या हिशोबाने वागली. १९७१ मध्ये तिला पाकिस्तान सांभाळायचा होता, कारण त्याच वर्षी जुलैत अमेरिकेचे सुरक्षा सल्लागार किसिंजर पाकिस्तानातूनच गुपचूप चीनला जाऊन आले होते. २००८ मध्ये चीनला शह द्यायला भारत हवा होता. २०२५ मध्ये व्यापारात वाकवायचं होतं. दोस्त-दुश्मन हा प्रश्न भावकीत ठीक आहे. देशांच्या बाबतीत विचारायचं ते एवढंच, की आत्ता त्यांना आपल्याकडून काय हवंय.

नाटो, क्वाड, ब्रिक्स, शांघाय संघटना... ह्या सगळ्या युतीच ना?

नाही. पेपरवाले सगळ्यांना ‘गट’ म्हणतात, तिथून घोळ सुरू होतो.

लष्करी युती म्हणजे लेखी बांधिलकी. अमेरिका आणि युरोपीय देशांच्या नाटोचा करार ४ एप्रिल १९४९ चा. फिनलंड २०२३ मध्ये आणि स्वीडन २०२४ मध्ये आल्यापासून सदस्य ३२. त्यातलं पाचवं कलम प्रसिद्ध आहे: एकावर हल्ला तो सर्वांवर हल्ला. पण कलम शेवटपर्यंत वाचलं तर दिसतं की प्रत्येक सदस्याने त्याला आवश्यक वाटेल ती कृती करायची आहे. सैन्य पाठवलंच पाहिजे असं त्यात कुठेही नाही. हे कलम आजवर एकदाच लागू झालं, सप्टेंबर २००१ मधल्या अमेरिकेवरील हल्ल्यानंतर. जगातल्या सगळ्यात बळकट युतीच्या कागदातही एवढी पळवाट ठेवलेली आहे.

क्वाडला तर करारच नाही. भारत, अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलिया एकत्र बसतात, बोलतात, नौदलांचे सराव होतात. उद्या लडाखमध्ये काही झालं तर जपानने यावं अशी ओळ कुठल्याही कागदावर नाही. शांघाय सहकार्य संघटनेत भारत आणि पाकिस्तान दोघेही २०१७ मध्ये दाखल झाले आणि चीन तिथे आधीपासूनच आहे. मग ती कोणाविरुद्धची युती म्हणायची? ब्राझील, रशिया, भारत, चीन वगैरेंचं ब्रिक्स मुख्यतः पैशाच्या आणि व्यापाराच्या गोष्टी बोलतं.

याउलट रशिया आणि उत्तर कोरियाने जून २०२४ मध्ये केलेला करार खरा लष्करी आहे, आणि तो कागदावरच राहिला नाही. उत्तर कोरियाचे सैनिक युक्रेनविरुद्धच्या लढाईत उतरले.

आपलं सांगायचं तर ९ ऑगस्ट १९७१ चा भारत-सोव्हिएत करार. त्याच्या नवव्या कलमात होतं ते इतकंच, की कोणावर हल्ला झाला किंवा धोका आला तर दोघे तातडीने सल्लामसलत करतील. शब्द मवाळ, परिणाम मोठा. त्या डिसेंबरात सुरक्षा परिषदेत युद्धबंदीचे ठराव आले तेव्हा सोव्हिएत संघाने नकाराधिकार वापरून ते अडवले आणि ढाक्याला पोहोचायला आपल्या फौजेला वेळ मिळाला.

सौदीने पाकिस्तानशी संरक्षण करार केलाय. म्हणजे आता सौदीपण आपल्यावर चालून येणार?

करार १७ सप्टेंबर २०२५ चा. एकावरचं आक्रमण ते दोघांवरचं, असं त्यात म्हटलंय. त्या दिवशी आपल्याकडे मुक्तिसंग्राम दिनाची झेंडावंदनं चालू होती आणि संध्याकाळनंतर फोनवर हीच बातमी.

आता हेही पाहा. त्याच वर्षी जुलैत सौदीच्या ‘मादेन’ कंपनीने भारतीय खत कंपन्यांशी वर्षाला ३१ लाख टन डीएपी द्यायचा पाच वर्षांचा करार केला होता. लाखो भारतीय तिथे राबतात आणि आपण त्यांच्या तेलाचं मोठं गिऱ्हाईक. सौदीला तो करार हवा होता तो मुख्यतः आखातातल्या भीतीपोटी. जूनमध्ये इराणने कतारमधल्या अल-उदैद या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रं सोडली होती. ९ सप्टेंबरला इस्रायलने थेट दोहावर हल्ला केला. अमेरिकेचा एवढा मोठा तळ असूनही कतार वाचला नाही, हे सगळ्या शेखांनी पाहिलं आणि दुसरा आधार शोधला.

म्हणून भारताला काहीच फरक पडत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. पुढच्या संघर्षात पाकिस्तानला पैशाची आणि तेलाची चणचण कमी भासेल. सैनिक येणार नाहीत, पण उधारी मिळेल.

हे सगळं दिल्ली-वॉशिंग्टनचं झालं. आपल्या मराठवाड्याचा यात काय संबंध?

हा प्रश्न बहुतेक वेळा मागच्या बाकावरून येतो आणि मला तोच सगळ्यात आवडतो. मोठ्यांच्या युती फिरतात तेव्हा मधल्या मुलखाचं काय होतं, हे शिकायला युरोपात जायची गरज नाही. उदगीर, खर्डा, असई आणि धाराशिव ही चार नावं पुरतात.

उदगीर, ३ फेब्रुवारी १७६०. सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला आणि दौलताबादसह मोठा मुलूख मिळवला. त्या लढाईत इब्राहिमखान गारद्याच्या तोफा चालल्या. हा गारदी फ्रेंच पद्धतीत तयार झालेला आणि आधी निजामाच्याच पदरी होता. वर्षाच्या आत तो पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढला, पकडला गेला आणि मारला गेला.

खर्डा, ११ मार्च १७९५. गाव आज जामखेड तालुक्यात, बीड-धाराशिवच्या अगदी शिवेला. पेशवे, शिंदे, होळकर आणि भोसले एकत्र लढले. निजामाची भिस्त इंग्रजांवर होती, पण गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर तटस्थ राहिले आणि कोणी आलं नाही. निजामाने हार पत्करली, पैसा आणि दौलताबाद देण्याचं कबूल केलं. त्याच ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले, पुण्यात वारसाचे तंटे सुरू झाले आणि जिंकलेलं बरंचसं हातातून निसटलं.

इंग्रज आले नाहीत म्हणून निजाम फ्रेंच अधिकारी रेमंडच्या पलटणींवर विसंबू लागला. लगेच इंग्रजांना निजामाची आठवण झाली. १७९८ मध्ये नवे गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्ली यांनी त्याच्याशी तैनाती फौजेचा (फौज इंग्रजांची, खर्च निजामाचा) करार केला आणि फ्रेंच पलटणी मोडून काढल्या. ज्याला तीन वर्षांपूर्वी वाऱ्यावर सोडलं होतं तोच आता ‘मित्र’ ठरला, कारण मधल्या काळात फ्रान्सचा धोका वाढला होता.

असई, २३ सप्टेंबर १८०३. जालना जिल्ह्यातलं हे गाव केळणा आणि जुई नद्यांच्या संगमाजवळ आहे. आदल्या डिसेंबरात वसईचा तह करून बाजीराव दुसरे इंग्रजांच्या आश्रयाला गेलेले. शिंदे आणि भोसले लढायला उभे राहिले, होळकर आले नाहीत. खर्ड्याला एकत्र असलेले आठ वर्षांत असे पांगले. गव्हर्नर जनरलचा भाऊ आर्थर वेलस्ली याची फौज संख्येने फार लहान होती. तिचे एक तृतीयांशाहून जास्त लोक मेले किंवा जखमी झाले, तरी लढाई त्याने जिंकली. हाच पुढे वॉटर्लूला नेपोलियनसमोर उभा राहिला.

आणि धाराशिव. तैनाती फौज फुकट नव्हती. पुढे ‘हैदराबाद कंटिंजंट’ नावाच्या फौजेचा खर्च निजामाच्या माथी आला, थकबाकी साचली आणि १८५३ मध्ये डलहौसीने त्या देण्यापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव हे मुलूख ताब्यात घेतले. १८५७ मध्ये निजाम इंग्रजांशी इमानाने राहिला, म्हणून १८६० मध्ये धाराशिव आणि रायचूर परत मिळाले. वऱ्हाड गेलं ते गेलंच. बाहेरच्या फौजेच्या पगारापायी आपला एक अख्खा जिल्हा सात वर्षं गहाण पडला होता, हे शाळेच्या पुस्तकात ठळक छापायला हवं. हैदराबादच्या दरबारातला कोणी त्यापायी उपाशी राहिला नसेल. सारा भरणारी रयत मात्र धाराशिवची होती.

निजामाने आपलं प्रकरण युनोत नेलं होतं, हे खरं का?

खरं. २९ नोव्हेंबर १९४७ ला भारत आणि हैदराबाद यांच्यात एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला. त्याच काळात लातुरात वकिली केलेल्या कासीम रझवीच्या रझाकारांनी गावोगाव धुमाकूळ घातला होता. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा चालू होता. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमानाने हैदराबादला शस्त्रं पोहोचवत होता. २१ ऑगस्ट १९४८ ला हैदराबादने सुरक्षा परिषदेकडे तक्रार धाडली.

११ सप्टेंबरला जिना वारले. १३ तारखेला भारतीय फौज शिरली, मुख्य तुकडी सोलापूरकडून नळदुर्गमार्गे. सुरक्षा परिषद पॅरिसमध्ये या विषयावर बसली ती १६ तारखेला आणि १७ ला निजामाने शस्त्रं खाली ठेवली. मग त्याने तक्रारही मागे घेतली. निजामाला ब्रिटन येईल, पाकिस्तान येईल, युनो थांबवेल अशी आशा होती. खर्ड्यानंतर दीडशे वर्षांनी त्याच घराण्याने तीच चूक केली.

एक गोष्ट सभेत सांगितली की काही जण अस्वस्थ होतात, तरी सांगतो. ‘पोलीस कारवाई’ पाच दिवसांत आटोपली, पण त्यानंतरच्या आठवड्यांत मराठवाड्यात आणि शेजारच्या जिल्ह्यांत मोठा सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने मेलेल्यांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला, त्यात बहुतांश मुसलमान. त्याआधी रझाकारांनी केलेले अत्याचारही तितकेच खरे. ‘छोटं, झटपट युद्ध’ असं टीव्हीवर कोणी म्हणालं की मला हा आकडा आठवतो.

पाकिस्तानशी युद्ध पेटलं तर चीन दुसऱ्या बाजूने उतरेल का?

सप्टेंबर १९६५ मध्ये चीनने सिक्कीम सीमेवरून भारताला निर्वाणीचा इशारा दिला, पण उतरला नाही. १९७१ मध्येही नाही. हिमालयातल्या खिंडी बर्फाने बंद होत्या आणि उत्तरेला सोव्हिएत फौजा होत्या.

मे २०२५ मध्ये मात्र चित्र बदललेलं दिसलं. २२ एप्रिलला पहलगाममध्ये २६ जण मारले गेले, ७ मे रोजी ऑपरेशन सिंदूर झालं आणि १० मे रोजी गोळीबार थांबला. पाकिस्तानने जे-१० विमानं आणि पीएल-१५ क्षेपणास्त्रं वापरली, दोन्ही चिनी. चीन आपल्या हालचालींची माहिती पाकिस्तानला त्या वेळीच पुरवत होता, असं उपलष्करप्रमुख लेफ्टनंट जनरल राहुल सिंग यांनी जुलैत जाहीरपणे सांगितलं. चीनला आता सीमा ओलांडायची गरजच उरलेली नाही. शस्त्रं आणि माहिती देऊन तो घरी बसून लढाईत असतो. ‘दोन आघाड्यांचं युद्ध’ हा शब्द आपण अजून जुन्या अर्थाने वापरतो.

गलवानमध्ये जून २०२० ला आपले २० जवान गेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये गस्तीबाबत समझोता झाला आणि ऑगस्ट २०२५ अखेरीस पंतप्रधान तियानजिनला गेले. चीनशी बोलणं आणि चीनपासून सावध राहणं ही दोन्ही कामं एकाच वेळी करायची आहेत. त्यात विसंगती काही नाही.

सोयाबीन आणि कापसाला याचा काय फटका?

मोंढ्यात भाषण केलं की बाकी सगळं बाजूला राहतं आणि तासभर यावरच जातो.

कापूस आधी घेऊ. अमेरिकेने शुल्क वाढवल्यावर आपल्या कपडा उद्योगाची निर्यात अडचणीत आली. उद्योगाला स्वस्त कापूस मिळावा म्हणून केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क १९ ऑगस्ट २०२५ पासून काढलं, आधी सप्टेंबर अखेरपर्यंत आणि मग डिसेंबर अखेरपर्यंत. वेचणीचा हंगाम नेमका तोच. मध्यम धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये जाहीर झालेला, पण बाहेरचा कापूस विनाशुल्क येतोय म्हटल्यावर व्यापारी कशाला घाई करेल? भांडण वॉशिंग्टन आणि दिल्लीचं होतं. सवलत गिरणीला मिळाली आणि तिची किंमत परभणी-जालन्याच्या कापूसवाल्याने चुकवली.

सोयाबीनची कथा जास्त गुंतागुंतीची आहे. जगात सगळ्यात जास्त सोयाबीन चीन विकत घेतो, वर्षाला दहा कोटी टनांच्या आसपास. २०१८ च्या व्यापारयुद्धापासून त्याने अमेरिकेऐवजी ब्राझीलकडून खरेदी वाढवली. २०२५ मध्ये तर कित्येक महिने अमेरिकी सोयाबीन घेणंच बंद केलं. अमेरिकी शेतकऱ्याचा माल पडून राहिला की त्यांचं सरकार दुसरं गिऱ्हाईक शोधतं आणि आपल्या दारावर टकटक होते: मका घ्या, सोयाबीन घ्या, जीएम (जनुक बदललेलं) आहे तर काय झालं. ३० ऑक्टोबरला दक्षिण कोरियात ट्रम्प आणि शी जिनपिंग भेटले आणि चीन पुन्हा खरेदी करणार असं ठरलं. त्या बैठकीकडे लातूरच्या आडत्यांनी लक्ष ठेवायला हवं होतं. किती जणांनी ठेवलं, देव जाणे.

युद्धाने भाव पडतातच असंही नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेन पेटलं आणि सूर्यफूल तेलाचा पुरवठा तुटला. एप्रिलच्या शेवटी इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे बंद केली. खाद्यतेल कडाडलं, सोयाबीनलाही त्याचा आधार मिळाला. पण तेल महाग झालं की शहरात ओरड होते आणि सरकार आयातशुल्क कमी करतं. मे २०२५ अखेरीस कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणलं ते असंच. सोयाबीनचा हमीभाव त्या हंगामासाठी ५,३२८ होता आणि मोंढ्यातला भाव त्याच्या बराच खाली. आपल्या लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. ते जोवर तसं आहे तोवर आपला भाव क्वालालंपूर आणि शिकागोच्या बाजारावर हलणार.

खत आणि डिझेलचं काय?

पोटॅश आपण जवळपास सगळंच बाहेरून आणतो. डीएपी आणि त्याचा कच्चा मालही बराचसा बाहेरचा. चीनने निर्यात आवळली की आपल्याकडे मृगात कृषी सेवा केंद्रासमोर रांगा लागतात, १,३५० च्या गोणीबरोबर नको असलेल्या औषधाचं ‘लिंकिंग’ गळ्यात मारलं जातं. युरियाला गॅस लागतो, तो मोठ्या प्रमाणात कतारहून जहाजाने येतो आणि जहाज होर्मुझच्या सामुद्रधुनीतून. जगातलं सुमारे एक पंचमांश तेलही त्याच चिंचोळ्या वाटेने जातं. जून २०२५ मध्ये इस्रायल-इराण युद्ध १२ दिवस चाललं आणि अमेरिकेने फोर्दो, नतान्झ, इस्फहानवर बाँब टाकले, तेव्हा तेलाचे भाव एकदम उसळले आणि युद्धबंदी होताच खाली आले. ते आणखी दोन महिने चाललं असतं तर पेरणीच्या तोंडावर हिशोब वेगळाच झाला असता.

एक साधा सल्ला: खरिपाचं खत मे महिन्यात, शक्य तेवढं आधी उचला. माती परीक्षण करून घ्या आणि डीएपीला एसएसपीचा (सिंगल सुपर फॉस्फेट) पर्याय कृषी सहायकाला विचारा.

आपल्याकडे बाँब पडेल का?

शक्यता फार कमी. ७ मे २०२५ च्या नागरी संरक्षण सरावाच्या यादीत छत्रपती संभाजीनगर होतं, त्यावरून बरीच घबराट पसरली. ती यादी जुनी, २४४ जिल्ह्यांची होती, हल्ल्याचं भाकीत नव्हे. भारत आणि पाकिस्तान एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याच्या १९८८ च्या करारानुसार दरवर्षी १ जानेवारीला आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात, १९९२ पासून अखंड. कारगिलनंतरही दिल्या, सिंदूरनंतरही.

तिसरं महायुद्ध होणार का?

मला माहीत नाही. माहीत आहे असं जो सांगतो, त्याचा चॅनल बदला.

भारत एकदाची बाजू का घेत नाही? कुंपणावर किती दिवस बसायचं?

हा प्रश्न तरुण मुलं चिडून विचारतात आणि त्यांची चीड मला कळते. पण हिशोब करून बघा. आपली एस-४०० ही हवाई संरक्षण यंत्रणा रशियाची, अनेक लढाऊ विमानं आणि रणगाडे रशियन बनावटीचे. २०२२ पूर्वी आपल्या तेल आयातीत रशियाचा वाटा नगण्य होता, पुढे तो एक तृतीयांशाच्या वर गेला. दुसरीकडे कपडे, औषधं, सॉफ्टवेअर यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अमेरिका. इलेक्ट्रिक गाड्यांच्या मोटारीतली चुंबकं चीनची. एप्रिल २०२५ मध्ये चीनने त्यांची निर्यात रोखली तेव्हा देशभरच्या वाहन उद्योगाची धावपळ झाली. बाजू घेतली की बाकी दोन दरवाजे बंद.

कुंपणावर बसण्याचीही किंमत असते, हे खरं. मे २०२५ मध्ये आपल्या बाजूने उघडपणे बोलणारे देश फार थोडे होते. तरीही माझं मत असं की ती किंमत परवडते. दुसऱ्याच्या पलटणी स्वतःच्या पैशावर ठेवणं निजामाने करून पाहिलंय. खरा पर्याय शस्त्रं, खत आणि तेलबियांत परावलंबन कमी करण्याचा आहे, आणि तो टीव्हीवर चर्चेला येत नाही कारण त्याला वीस वर्षं लागतात.

युद्धाचे व्हिडिओ येतात ते खरे कसे ओळखायचे?

मे २०२५ मध्ये व्हिडिओ गेममधली दृश्यं हवाई हल्ला म्हणून फिरली, मोठ्या चॅनलांनीही जुनी दृश्यं दाखवली. सरकारचं ‘पीआयबी फॅक्ट चेक’ बघा, पण तेवढ्यावर थांबू नका. दोन परस्परविरोधी बाजूंनी तीच गोष्ट मान्य केली का ते पाहा. आणि फौजेच्या गाड्या गावातून चालल्या असतील तर त्यांचं चित्रण करून ग्रुपवर टाकू नका.

माझा पुतण्या आखातात चाललाय, दुसरा रशियाला ‘हेल्पर’ म्हणून जायचं म्हणतोय. पाठवू का?

आखातात सुमारे ९० लाख भारतीय आहेत. तणाव आला म्हणून ते सगळे परतत नाहीत आणि परतायची गरजही सहसा पडत नाही. मात्र मुलगा दहावी नापास असेल आणि पासपोर्टवर ईसीआर (कामासाठी परदेशी जाण्याआधी तपासणी आवश्यक) असा शेरा असेल तर परराष्ट्र खात्याच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर नोंदणी झालेल्या एजंटकडूनच जा. एजंटचा नोंदणी क्रमांक तिथे तपासता येतो. प्रवासी भारतीय बीमा योजना घ्या. दोन वर्षांसाठी २७५ आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये हप्ता, अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला दहा लाखांचं संरक्षण. पोहोचल्यावर तिथल्या भारतीय दूतावासाचा क्रमांक त्याच्या आणि तुमच्या, दोघांच्या फोनमध्ये हवा.

रशियाचं वेगळं आहे. ‘हेल्पर’, ‘सुरक्षारक्षक’ म्हणून नेलेल्या भारतीय तरुणांकडून रशियन भाषेतल्या कागदांवर सह्या घेऊन त्यांना युक्रेनच्या आघाडीवर पाठवल्याचं उघड झालंय, त्यात काही जण मेले. परराष्ट्र खात्याने यावर वारंवार इशारे दिलेत. करार भाषांतर करून हातात मिळत नाही, पगार भरमसाट सांगतात आणि व्हिसा पर्यटकाचा आहे, असं असेल तर पाठवू नका. एजंटला दिलेली आगाऊ रक्कम बुडाली तरी बुडू द्या.